एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा एफवाय?

पत्र थोडक्यात असं: वाचक ३९ वर्षांचे, राहायला डोंबिवली पूर्वेला, नोकरी विक्रोळीतल्या एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये, गेली १६ वर्षं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वडील गेले, अकाउंट्सला केटी लागली आणि २००६ साली कॉलेज सुटलं. असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी पदवी लागते म्हणून त्यांना दोनदा डावललं गेलं. दुसऱ्या खेपेला जो वर गेला, त्याला स्टोअर्सचं काम यांनीच शिकवलं होतं. घरी पत्नी, आठवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि मधुमेह असलेली आई. पत्नी रोज सकाळी पोळीभाजीचे पंधरा डबे करून देते. (तिचंही टीवायबीए लग्नामुळे राहिलं, असं त्यांनी कंसात लिहिलं आहे.) नोकरी सोडून नियमित कॉलेज करावं, रात्र महाविद्यालयात जावं की दूरस्थ पद्धतीने शिकावं, हा त्यांचा प्रश्न. मित्र म्हणतात, दूरस्थच्या डिग्रीला किंमत नसते. स्टेशनजवळचा एक क्लासवाला ७५ हजारांत ‘एका वर्षात डिग्री’ मिळवून देतो म्हणतोय. शेवटी ते लिहितात: ‘पत्नीचा पाठिंबा आहेच, ती काही बोलत नाही एवढंच. इंग्रजीची धास्ती वाटते. या वयात जमेल का? की मुलीची दहावी होऊ द्यावी?’

सर्वांत आधी त्या ७५ हजारांचं बोलू. बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. तीन वर्षांची पदवी एका वर्षात द्यायचा अधिकार देशातल्या कुठल्याही विद्यापीठाला नाही. अशा सौद्यात कागद एक तर मागच्या तारखेचा असतो, किंवा ते विद्यापीठच यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जाहीर केलेल्या बनावट विद्यापीठांच्या यादीत असतं. बढतीच्या वेळी कंपनी कागदपत्रांची पडताळणी करते, विद्यापीठाला विचारणा जाते. तिथे खोटं निघालं तर बढती राहिली बाजूला, सोळा वर्षांची नोकरी जाते आणि गुन्हा दाखल होतो तो कागद सादर करणाऱ्यावर. क्लासवाला तोवर गाळा बदलून गेलेला असतो. टोकन दिलं असेल तर ते पैसे गेले असं समजा. मूळ मार्कशीट त्याच्याकडे ठेवल्या असतील तर मात्र आजच परत आणा.

खरं-खोटं ओळखायची रीत सोपी आहे. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या पोर्टलवर तीन गोष्टी जुळवून पाहा: विद्यापीठाचं नाव, नेमका अभ्यासक्रम आणि प्रवेशाचं सत्र. बहुतेकजण पहिली गोष्ट पाहून थांबतात. मान्यता अभ्यासक्रमाला आणि ठरावीक सत्रांसाठी असते, त्यामुळे विद्यापीठ खरं असूनही तुम्ही घेतलेला कोर्स त्या वर्षी मान्य नसू शकतो. शिवाय खाजगी क्लासला फ्रँचायझी देऊन दूरस्थ पदवी चालवायला यूजीसीची मनाई आहे. प्रवेशाचे पैसे विद्यापीठाच्या खात्यात, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच भरा. मधल्या माणसाच्या यूपीआयवर एक रुपयाही नको.

आता तुमच्या मूळ गृहीताकडे येते. बढती अडली आहे ती पदवीमुळेच, असं तुम्ही धरून चालला आहात. असेलही. पण हे तुम्हाला कुणी आणि कोणत्या शब्दांत सांगितलं, हे पत्रात नाही. अर्ज भरण्याआधी एचआरला एक छोटा ईमेल लिहा आणि त्यात नेमकं विचारा: या पदासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते की वाणिज्यच हवी? मान्यताप्राप्त दूरस्थ किंवा मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का? पदवी पूर्ण होत असताना, म्हणजे शेवटच्या वर्षाला असताना, अर्ज करता येतो का? उत्तर लेखी मागा. कँटीनमध्ये मिळालेलं ‘हो हो, चालेल’ तीन वर्षांनी कुणाला आठवत नाही आणि तोवर एचआरमधला माणूसही बदललेला असतो. उत्तरात कुठलीही पदवी चालेल असं आलं, तर बी.कॉम.चा हट्ट धरायचा की नाही हाही प्रश्न खुला होतो. तुमच्या कामासाठी मला बी.कॉम.च योग्य वाटतं. कारण पुढे सांगते.

नोकरी सोडायचा विचार मनातून काढून टाका. तुमचा पगार, पंधरा डबे आणि आईची औषधं या तिन्हींचा हिशोब एकमेकांत अडकलेला आहे. आणि ज्या अनुभवाच्या जोरावर पदवीला किंमत येणार, तो अनुभवच तुम्ही मध्ये तोडणार.

रात्र महाविद्यालय ही चांगली गोष्ट आहे, ज्याचं घर आणि काम दोन्ही शहरात जवळजवळ आहे त्याच्यासाठी. परळला राहणारा आणि लालबागला काम करणारा माणूस साडेसहाला वर्गात बसून दहाला घरी जेवू शकतो. तुमचं गणित मांडून पाहा. सहाला सुटलात, विक्रोळीहून स्लो पकडून दादरच्या बाजूला पोचेपर्यंत पावणेसात. वर्ग संपायला साडेनऊ. दादरहून फास्ट मिळाली तरी घरी पोचायला अकरा, सकाळी पुन्हा साडेपाचला उठायचं. दुसरीतला मुलगा तुम्हाला फक्त रविवारी जागा दिसेल. आणि ७५ टक्के हजेरीचा नियम रात्रीच्या वर्गांनाही असतो. पहिल्या सत्रात निभावतं. दुसऱ्या सत्रात स्टॉक ऑडिट, पावसात बंद पडलेली लोकल आणि आईचं एखादं आजारपण एकत्र आलं की हजेरी घसरते आणि फी भरूनही परीक्षेला बसता येत नाही. तुमच्यासाठी ही वाट मी सुचवणार नाही.

राहिली दूरस्थ. ‘किंमत नसते’ हे मित्रांचं म्हणणं जुनं आहे. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष आहे. तुमच्यासमोर तीन सरळ पर्याय आहेत. एक, मुंबई विद्यापीठाचं कलिना इथलं दूरस्थ केंद्र. पत्राद्वारे शिक्षण म्हणून १९७१ साली सुरू झालेलं, पुढे ‘आयडॉल’ नावाने ओळखलं गेलेलं. दोन, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८९. त्याची अभ्यासकेंद्रं गावोगावच्या कॉलेजांत आहेत आणि पुस्तकं मराठीत मिळतात. तीन, इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८५. तिथे प्रवेश जानेवारी आणि जुलै असे दोनदा होतात, परीक्षा जून आणि डिसेंबरला. निवड करताना फीपेक्षा दोन गोष्टींना जास्त वजन द्या: परीक्षा कोणत्या महिन्यांत येतात, आणि संपर्कवर्ग व परीक्षा केंद्र कुठे आहे. स्टोअर्सच्या माणसाला ३१ मार्चच्या आगेमागे श्वास घ्यायला फुरसत नसते. मार्च-एप्रिलमध्ये पेपर येणार असतील तर ते आधीच माहीत हवं. फी तिन्हीकडे हजारांत मोजली जाते, लाखांत नाही. दर २० दिवसांच्या कामामागे साधारण एक भरपगारी रजा साठते, ती यंदा गावच्या गणपतीला सगळी उडवू नका. पेपरांना निम्मी राखून ठेवा.

जुनी दोन वर्षं वाचतील का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो मनात येणारच. एफवायच्या आणि एसवायच्या मार्कशीट घेऊन जुन्या कॉलेजच्या कार्यालयात आणि तुम्ही निवडलेल्या विद्यापीठाच्या प्रवेश विभागात जा आणि विचारा: थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का? तेव्हाची वार्षिक परीक्षा पद्धत गेली, अभ्यासक्रम कितीदा तरी बदलले, आता नव्या शैक्षणिक धोरणाचे क्रेडिट आले. हल्ली ज्या क्रेडिट बँकेबद्दल (एबीसी) ऐकता, तिच्यात २०२१-२२ आणि त्यानंतरचेच क्रेडिट जमा होतात, २००६ चे गुण तिच्यात बसत नाहीत. तेव्हा मिळालं तर उत्तम, पण या चौकशीला दोन आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका. एक वर्ष वाचवायच्या नादात प्रवेशाची मुदत टळते आणि सगळंच वर्ष जातं, हे फार वेळा घडतं.

आता वेळेचा हिशोब. इथेच बहुतेकांची गाडी अडते. मुक्त शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, म्हणजे एका सत्राला २०. वीस गुणिले तीस, सहाशे तास. सत्राचे कामाचे आठवडे २४ धरले तर आठवड्याला २५ तास होतात. हा आकडा वाचून पुस्तक मिटू नका. तुमच्याकडे प्रत्यक्षात किती आहेत ते पाहू. डोंबिवलीहून सुटणारी सकाळची स्लो लोकल तुम्ही पकडता असं लिहिलंय, म्हणजे बसायला मिळतं. विक्रोळीपर्यंतची ती चाळीस मिनिटं तुमची. सहा दिवसांचे चार तास झाले. येताना विक्रोळीहून उभंच राहावं लागतं, तेव्हा वाचायचा आग्रह नको. कानाला लावून एखादं व्याख्यान ऐकता आलं तर ऐका, नाहीतर डोळे मिटून उभे राहा. रात्री जेवणं आटोपल्यावर साडेनऊ ते साडेदहा, आठवड्यातले चार दिवस. आणि रविवारी सकाळी साडेसहा ते साडेनऊ. सगळे मिळून अकरा तास. म्हणजे पंचवीसच्या निम्म्याहून कमी.

तेव्हा ‘तीन वर्षांत पूर्ण करायचंच’ हे गृहीत सोडून द्या. मुक्त शिक्षणात तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. पहिल्या परीक्षेला सगळे विषय न देता निम्मेच द्या, उरलेले पुढच्या खेपेला. चार वर्षांचा आराखडा धरून चाला. काही विषय तुम्हाला निम्म्या वेळात येतील, कारण ते तुम्ही रोज जगता. कॉस्टिंगच्या पुस्तकात पहिल्या काही प्रकरणांत बिन कार्ड, स्टोअर्स लेजर, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), पुनर्मागणीची पातळी, फिफो (आधी आलेला माल आधी काढणं) आणि भारित सरासरी येतं. बिन कार्डावर फक्त नग लिहितात, स्टोअर्स लेजरवर नग आणि किंमत दोन्ही, हे विशीतला विद्यार्थी पाठ करतो. तुमच्या हाताखालून दिवसाला शंभर नोंदी जातात. बी.कॉम. योग्य वाटतं म्हटलं ते यासाठी.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. पत्रात ‘पाठिंबा’ हा शब्द चार वेळा आला आहे आणि तुमच्या पत्नीचं एकही वाक्य आलेलं नाही.

वर मोजलेले अकरा तास हवेतून येणार नाहीत. लोकलमधले चार सोडले तर बाकीचे सात आज कुणीतरी दुसऱ्या कामासाठी वापरतंय. रविवारी साडेसहा ते साडेनऊ या वेळात आज तुमच्या घरात काय चालतं? डबे रविवारी बंद असतील, म्हणजे आठवड्यात तिला उशिरा उठता येणारी ती एकच सकाळ असेल. आईचा चहा, त्यांची साखर तपासणं, मुलाला दूध, पाणी भरणं ही कामं तुम्ही करत असाल तर तुम्ही पुस्तक उघडल्यावर ती तिच्याकडे जातील. कुणी ठरवून देणार नाही, आपोआप जातील. ती काही बोलत नाही याचं कारण ‘तिची ना नाही’ हे असू शकतं. हे सगळं तिला तुमच्याआधी दिसलंय, हेही असू शकतं.

म्हणून तिला ‘मी शिकू का?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला आपल्याकडे बायको ‘शिका की’ एवढंच उत्तर देते. मुलं झोपल्यावर भिंतीवरचं कालनिर्णय काढून समोर घ्या आणि एका कोऱ्या कागदावर आठवड्याचे सात दिवस आखा. आधी तिला सांगू द्या, तिला आठवड्यातला कोणता वेळ कुणीही न बोलावता स्वतःचा हवाय. तो पेनाने लिहा. मग तुमचे तास पेन्सिलने मांडा. मग त्या तासांतल्या प्रत्येक कामापुढे एक नाव लिहा. ‘आपण बघू’ किंवा ‘दोघं मिळून’ असं नको, एकच नाव. उदाहरण म्हणून: शनिवारी संध्याकाळी डब्यांसाठीची आठवड्याची भाजी आणणं, निवडणं आणि कणीक-तेलाचा हिशोब तुमच्याकडे. आईची महिन्याची तपासणी तुमच्याकडे, त्यासाठीची रजा तुमची. रात्रीची भांडी चार दिवस तुमच्याकडे, म्हणजे अभ्यास साडेनऊऐवजी पावणेदहाला सुरू होईल, होऊ दे. मुलगी आठवीत आहे, तिच्याकडे भावाच्या दप्तराचं काम देता येईल. पण मुलीवरच सगळं लोटलं जात नाहीये ना, हेही त्याच कागदावर तपासा. हा कागद दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा काढायचा. दोन महिन्यांत काही नोंदी खोट्या ठरतात आणि त्या बहुधा ज्याने अभ्यास सुरू केला त्याच्याच असतात.

प्रवेशाचे पैसे भरण्याआधी सहा आठवड्यांची रंगीत तालीम करा. इग्नूचं अभ्याससाहित्य ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं. बी.कॉम.च्या वित्तीय लेखांकनाचे पहिले काही घटक उतरवून घ्या, छापून घेतले तर आणखी बरं. ठरलेल्या वेळापत्रकाने सहा आठवडे खरोखर अभ्यास करा आणि किती तास झाले ते त्याच कालनिर्णयवर लिहा. अकराच्या जागी सात झाले तरी चालेल, पाच वर्षांचा आराखडा करा. तीनच झाले तर कुठले तास गळाले ते पाहा. वन रूम किचनमध्ये टीव्ही बंद होईपर्यंत अभ्यास होत नसेल तर जवळची एखादी अभ्यासिका शोधा. एमपीएससीची मुलं बसतात त्या अभ्यासिकांत महिन्याच्या वर्गणीवर नोकरदारांनाही जागा मिळते. रविवारच्या त्या तीन तासांसाठी तेवढा खर्च करण्यासारखा आहे.

अकाउंट्सच्या केटीची भीती अजून असणार, म्हणून दोन शब्द. अंतिम खात्यांत माणसं अडकतात ती बहुधा समायोजनांच्या, म्हणजे वर्षअखेरीस करायच्या राहिलेल्या नोंदींच्या जागी. प्रत्येक समायोजनाची नोंद दोन ठिकाणी होते आणि घाईत दुसरी राहते. अखेरचा साठा ४०,००० असेल तर तो व्यापार खात्याच्या जमेच्या बाजूला येतो आणि ताळेबंदात मालमत्तेतही. देणे असलेली मजुरी ३,००० असेल तर ती व्यापार खात्यात मजुरीत मिळवायची आणि ताळेबंदात देण्यांच्या बाजूला दाखवायची. एक जागा राहिली की ताळेबंद जुळत नाही आणि मग उरलेला अर्धा तास चूक शोधण्यात जातो. उपाय हातात पेन्सिल घेऊनच आहे. प्रश्न वाचताना प्रत्येक समायोजनापुढे दोन बारीक चौकोन काढा, नोंद केली की एकेकावर खूण करा. आणि सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचून ‘समजलं’ म्हणू नका. पुस्तक मिटून, रकाने आखून, तेच उदाहरण पहिल्यापासून लिहा. वाचताना जे सोपं वाटलं ते लिहिताना नेमकं कुठे अडतं, ते तेव्हाच कळतं.

हाताची सवयही गेलेली असते. इतकी वर्षं कीबोर्डवर आणि मोबाइलवर काम केल्यावर सलग तीन तास लिहिलं की अंगठा भरून येतो. तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून रोज २० मिनिटं पेनाने लिहा, परीक्षेआधीच्या महिन्यात रविवारी पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवा. १०० गुणांना तीन तास असतील तर एका गुणाला १.८ मिनिटं येतात, १५ गुणांच्या प्रश्नाला २७. सत्ताविसाव्या मिनिटाला पुढच्या प्रश्नावर जायचं, मागचा जुळो न जुळो.

इंग्रजीची धास्ती मला तितकी खरी वाटत नाही. परचेस ऑर्डर, डिलिव्हरी चलन, ई-वे बिल, परत पाठवलेल्या मालाचे ईमेल हे सगळं तुम्ही रोज इंग्रजीत वाचता. अडचण लांब वाक्यं लिहिण्याची आहे. मराठी माध्यम हवं असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत ठेवा. वहीच्या मागच्या पानांवर एका बाजूला ‘घसारा’, दुसऱ्या बाजूला ‘डेप्रिसिएशन’. मुलाखत बहुधा इंग्रजी शब्दांत होईल आणि तिथे घसारा शब्द आठवून उपयोग नाही.

‘या वयात’ म्हणता, तर हे शहर नोकरी करून शिकणाऱ्यांना नवं नाही. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा नोकरदारांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले होते. कचेरी गाठायच्या आधी वर्गात बसणारी माणसं तेव्हापासून इथे आहेत.

दूरस्थ शिक्षणात मोठी माणसं नापास होण्यापेक्षा राहून जातात जास्त, कारण आठवण करून द्यायला वर्गशिक्षक नसतो. इग्नूत बहुतेक विषयांना स्वाध्यायाचे ३० टक्के आणि परीक्षेचे ७० टक्के असतात. स्वाध्याय वेळेत दिला नाही तर पेपर कितीही चांगला जाऊनही विषय राहतो. परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो, प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं होत नाही. या तारखा मोबाइलमध्ये टाकाच, पण कालनिर्णयवरही लाल पेनाने लिहा, म्हणजे घरातल्या चारजणांना दिसतील. संपर्कवर्ग रविवारी असतात आणि रविवारीच मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. आदल्या रात्री ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते पाहून निघा. पेपरच्या दिवशी केंद्रावर एक तास आधी.

मुलीच्या दहावीसाठी थांबू नका. दहावीनंतर अकरावीचा प्रवेश येतो, मग बारावी, तोवर मुलगा मोठ्या वर्गात. आता सुरू केलंत तर तिच्या बोर्डाच्या वेळी तुम्ही दुसऱ्या वर्षाला असाल. त्या सहामाहीत एकच विषय घ्या किंवा परीक्षाच सोडा, चार वर्षांच्या आराखड्यात तेवढी जागा आहे. एक विनंती मात्र आहे. ‘बघ, बाबा या वयात अभ्यास करतोय’ असं तिला ऐकवू नका, घरातल्या दुसऱ्या कुणाला ऐकवूही देऊ नका. बोर्डाच्या वर्षात मुलांवर आधीच पुरेसं ओझं असतं.

याच वाटेवर असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. सरकारी, निमसरकारी किंवा महापालिकेच्या नोकरीत असाल तर प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर पदवी सेवापुस्तकात चढवताना वाद होतो. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर ही शिक्षणं दूरस्थ पद्धतीने होत नाहीत. कुणी देतो म्हणालं तर तिथेच थांबा. दहावी-बारावीच राहिली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून ती आधी करा. आणि जुन्या करप्रणालीत मुलांच्या शाळेच्या फीवर सूट मिळते, स्वतःच्या फीवर नाही, तेव्हा त्या आशेवर बजेट बांधू नका.

या आठवड्यात करायचं काम एवढंच. आधार, दहावीची मार्कशीट आणि बारावीची मार्कशीट शेजारी शेजारी ठेवा. मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा नाव आधी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. आता प्रवेशासाठी डिजिलॉकरमधून क्रेडिट बँकेचा एबीसी क्रमांक आणि त्यावरून डेब-आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा क्रमांक) काढावा लागतो, आणि नावात किंवा जन्मतारखेत फरक असला की गाडी तिथेच अडते. आधारला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीही येणार नाही. हे दुरुस्त व्हायला दिवस लागतात, म्हणून प्रवेश सुरू व्हायच्या आधी करा.

कपाटातली ती प्लास्टिकची पिशवी उघडाल तेव्हा पत्नीच्या एफवाय आणि एसवायच्या मार्कशीटही बाहेर काढा. तिचं एकच वर्ष राहिलं होतं. कलिनाला किंवा नाशिकच्या अभ्यासकेंद्रावर तुमची चौकशी कराल तेव्हा तिचीही करा. एसएनडीटी महिला विद्यापीठातही दूरस्थ शिक्षणाची सोय आहे, तिथेही विचारता येईल. तिला शिकायचं नसेलही, ते तिने ठरवायचं. पण झेरॉक्सच्या दुकानात जाताना दोघांचे कागद घेऊन जा.